बाईंची पट्टी

“ही ती सासूच की गं! ही गाती बी व्हय?”

माझ्या मागच्या रांगेत दोन बायका बसल्या होत्या. धाराशिवच्या त्या सभागृहात कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता आणि तेव्हा नुकते बारा वाजले होते, पण त्या जेवणाचा डबा घेऊन आतापासूनच जागा धरून बसल्या होत्या. दुसरी म्हणाली, “गात असंल की. सुनेवर वरडून वरडून गळा तयार झाला असंल.”

दोघी खदखदून हसल्या. रंगमंचावर बाई उभ्या होत्या. साधी सुती साडी, हातात चष्मा. त्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी फक्त डावी भुवई वर चढवली आणि मान जराशी तिरपी केली. तेवढ्यावर समोर मालिकेतली ती सासू उभी राहिली, अख्खी, दागिन्यांसकट म्हणावं तशी.

“अगं बया!” मागची किंचाळली.

बाईंनी भुवई खाली उतरवली, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि पुन्हा त्या उमरग्याच्या कुठल्याही वयस्कर बाईसारख्या दिसायला लागल्या. मी अकरा वर्षं त्यांना दोन हातांवरून बघते आहे. हे नेमकं कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

उमरग्यात आमचं पेट्या आणि तबले दुरुस्त करायचं दुकान आहे, हायवेपासून दोन गल्ल्या आत. ट्रकांचे हॉर्न तिथंही पोचतात, आणि अब्बा म्हणतात की त्यातला एकही सुरात नसतो. अब्बा पेटी दुरुस्त करतात आणि वाजवतातही. तरुणपणी दोन हंगाम ते एका नाटक कंपनीत पेटीला होते. बाई त्याच कंपनीतल्या. तिथं सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाई म्हणतो. त्या अब्बांना मास्तर म्हणतात.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. घरात दखनी, शाळेत इंग्रजी, दुकानात मराठी, अशी मी वाढले आणि तिन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. आता घरूनच एका कंपनीचं काम करते. परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडतं. माझं टेबल दुकानाच्या मागच्या खोलीत आहे आणि मधलं दार नेहमी उघडं असतं.

बाई सकाळी दहाला येतात. चप्पल बाहेर काढतात, बहिणीनं दिलेली दशम्यांची पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवतात, बहिणीची कानडीत एखादी तक्रार करतात जी मला अर्धीच कळते, आणि भिंतीकडं तोंड करून बसतात. भिंतीवर काही नाही, फक्त पोपडे आलेला रंग. आधी एकच सूर लावतात. तो सूर इतका वेळ चालतो की पहिल्या पहिल्यांदा मला त्यांची काळजी वाटायची. मग एखाद्या पदाची एक ओळ घेतात. नाटकात पात्र बोलता बोलता जे गातं ते पद, एवढं तरी मला तेव्हा माहीत झालं होतं. त्या ओळीतला एक शब्द, समजा ‘आता’ हा शब्द, त्या पाऊण तास म्हणतात. कधी तो शब्द रागावलेला असतो, कधी थकलेला, कधी कुणाला तरी दारातच थांबवणारा. एकदा मी मोजायला घेतलं आणि वीसच्या पुढं सोडून दिलं, कारण एकविसाव्यांदा त्यांनी तो असा म्हटला की मी तक्रारीचं उत्तर लिहिता लिहिता रडत होते आणि का ते कळत नव्हतं.

“नुसतं गायचं असंल तर रेडिओ हाय की,” त्या एकदा मला म्हणाल्या. “पद म्हंजे बोलणं पुरं पडंना झालं की येतं ते. आधी बोलणं खरं पायजे. तू तर बोलतच न्हाईस, तुझी पदं लई साठली असतील बघ आत.”

मी हसून खाली बघितलं. मला त्यांच्यासमोर नीट बोलता येत नसे.

कंपनीत त्या गाण्यासाठी गेल्याच नव्हत्या. अक्षर चांगलं आणि मराठी-कानडी दोन्ही येणारी मुलगी म्हणून त्यांना नकला लिहायला ठेवलं होतं. नक्कल म्हणजे नाटकातल्या एकाच पात्राची वाक्यं वेगळी उतरवलेली वही. ज्याची भूमिका, त्याची वही. सीमेपलीकडचे मुक्काम असले की तिथल्या नटांना मराठी वाक्यं कानडी लिपीत लिहून द्यावी लागत. त्या सगळ्यांच्या वह्या लिहीत, त्यामुळं सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ झाली. राजाची, दासीची, चोराचीसुद्धा. चौथ्या महिन्यापासून कुणी तापानं पडलं की मालक त्यांच्याकडं बघू लागले. त्यांनी पहिल्या वर्षात अकरा भूमिका केल्या, त्यात दोन पुरुषांच्या. हे त्या विनोद म्हणून सांगतात. मी मात्र हे पहिल्यांदा ऐकलं त्या रात्री घरी वही घेऊन तसं काही पाठ होतं का ते करून बघितलं होतं. अर्ध्या पानावर थांबले.

वीसेक वर्षं कंपनी. मग कंपनी मोडली आणि त्या मुंबईला गेल्या. सिनेमात नायिकेच्या आईच्या तीन-चार भूमिका मिळाल्या. एकात आईला गाणं होतं, पण आवाज दुसरीचा; बाईंनी फक्त ओठ हलवले. मग ती मालिका. सहा वर्षं रोज त्या घराघरात छळ करत राहिल्या. एका गौरीच्या भागात सासू आरती म्हणते असं होतं. बाईंना वाटलं, आता तरी. आरतीही दुसऱ्या कुणाच्या आवाजात आली. “दिग्दर्शक पोरगं चांगलं व्हतं,” बाई म्हणतात, “त्याला बिचाऱ्याला ठावंच न्हवतं मी गाते म्हणून. आन् मी काय तोंडानं सांगू, की बाबा, मी गाते?”

मालिका संपल्यावर त्या उमरग्याला धाकट्या बहिणीकडं परत आल्या. मालिका अजून दुपारी पुन्हा पुन्हा लागते. बाजारात भाजीवाल्या त्यांना खोटं खोटं रागे भरतात. या जिल्ह्यात त्यांना ओळखत नाही असं माणूस सापडणं अवघड, आणि त्यांना गाताना ऐकलेलं माणूस सापडणं त्याहून अवघड. आमचं दुकान सोडून.

आता मला पेटीबद्दल सांगायला हवं. गायकाची एक पट्टी असते. पेटीवरची जी पट्टी तो आपला सा म्हणून धरतो, ती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना डावीकडून आकडे असतात, म्हणून कुणी काळी एक, कुणी पांढरी पाच. बाईंची काळी चार. पहिल्या नाटकापासून काळी चार. नाटकवाल्या एकमेकींची वयं जशी विचारत नाहीत पण मोजतात, तशी पट्टी मोजतात. अमकी उतरली, काळी चारवरून काळी तीनला आली, असं कुणाबद्दल म्हटलं गेलं की ती बाई संपली. आमच्या बाई हे स्वतः सांगायच्या. “माझी न्हाय उतरली. मास्तरांना इचार.”

मी विचारलं नव्हतं. मी बघितलं होतं.

अब्बांची स्वतःची पेटी स्केल चेंजर आहे. तिची पट्ट्यांची आख्खी रांग उचलून एकेक खाच बाजूला सरकवता येते. म्हणजे बोट त्याच पट्टीवर, पण सूर खालचा. बाईंना एका हिवाळ्यात खोकला झाला तो महिनाभर हटला नाही. त्यानंतरच्या एका सकाळी, दहाला पाच कमी असताना, अब्बांनी पेटीचं झाकण उघडलं, रांग उचलली आणि एक खाच डावीकडं ठेवली. उजवीकडं जी फट दिसायला लागली तिच्यावर घडी केलेला पिवळा रुमाल टाकला. त्यांनी वर बघितलं तेव्हा मी दारात होते.

“बाई कू नक्को बोल, बेटा,” ते म्हणाले.

बाई आल्या. बसायच्या आधी त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, “काळी चार ना, मास्तर?”

“काळी चारच, बाई.”

बोट खरंच काळी चारवर होतं. अब्बा खोटं बोलले नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. दोन वर्षांनी ते दोन खाचा सरकवायला लागले. नंतर तीन. बाईंचा आवाज त्या खालच्या जागेत जाऊन काही वेगळाच झाला होता. पूर्वी तो चमकायचा. आता तो खोलवरून यायचा, आडातून पोहरा भरून वर यावा तसा. भजनी मंडळाची माणसं पेटी न्यायला आली की उंबऱ्यातच उभी राहायची. तेरहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तर शेवटची बस घालवली होती. तो अब्बांना म्हणाला, “मास्तर, बस काय, उद्या बी हाय.” बाईंना वाटायचं हे सगळं काळी चारचं आहे. आणि मागच्या खोलीत मी, अब्बांच्या त्या मायेनंही थक्क व्हायचे. रोज सकाळी कुणाच्या अभिमानाखाली तीन खाचांची उशी सरकवून ठेवायची आणि एक शब्द बोलायचा नाही.

मग पुण्याहून एका संगीतकार ताईंचा मेल आला. जुन्या संगीत नाटकांत काम केलेल्यांच्या पदांचं त्या चित्रीकरण करत होत्या, त्या त्या जिल्ह्यात, लोकांसमोर. बाईंचे मेल मीच बघते, म्हणून उत्तर मीच लिहायचं होतं. शेवटचा प्रश्न पट्टीचा होता.

“लिही, काळी चार,” बाई म्हणाल्या. त्यांची पाठ माझ्याकडं होती. अब्बा एका पेटीच्या भात्याला कातडं चिकटवत होते. त्यांनी मान वर केली नाही. साथीला अब्बाच असणार, पेटी सरकवून नेली की झालं, असा मी विचार केला. त्यांनीही तोच केला असणार. मी काळी चारचं इंग्रजी नाव शोधलं, लिहिलं आणि मेल पाठवला.

तर त्या दिवशी बारा वाजता, भुवईचा तो प्रकार झाल्यावर, तालीम सुरू झाली. ताईंनी लॅपटॉप उघडला आणि सभागृहात व्हायोलिनं, बासरी, तंबोरा, सगळं एकदम वाजायला लागलं. सगळं आधीच ध्वनिमुद्रित करून आणलं होतं. अब्बांनी नेहमीसारखं काळी चारवर बोट ठेवलं आणि पेटीतून असा काही बेसूर निघाला की ताईंनी वळून बघितलं. अब्बांनी बोट उचललं. त्यांनी रुमाल काढला आणि पट्ट्यांची रांग तीन खाचा परत उजवीकडं नेली. माझ्या जागेवरून मला ते खट्, खट्, खट् ऐकू आलं, किंवा आलं असं वाटलं.

बाईंना यातलं काही कळलं नाही. तालमीत पूर्ण आवाज लावायचा नाही, हा कंपनीचा नियम त्या आजही पाळतात. त्या ओठांतल्या ओठांत गुणगुणल्या, कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते बघून घेतलं आणि ताईंना म्हणाल्या, “झ्याक झालंय. बाकी पाचला देते.”

दुसऱ्या पदाच्या अंतऱ्यात वरचा पंचम आहे. आमच्या दुकानातल्या खालच्या पट्टीतसुद्धा बाई त्याच्यापर्यंत जाताना डोळे मिटतात. तीन पट्ट्या वर तो सूर त्यांना लागणार नव्हता. नुसता लागणार नव्हता असं नाही, आवाज फाटला असता, त्या डबा घेऊन आलेल्या बायकांसमोर, बहिणीसमोर, कॅमेऱ्यासमोर. आयुष्यभरात पहिल्यांदा पडद्यावर त्यांचा स्वतःचा आवाज येणार होता आणि तो असा आला असता.

अब्बा मागच्या जिन्यावर बसले होते. मी शेजारी बसले.

“तुम्ही सांगा ना त्यांना,” मी म्हणाले.

“मैं कैसा बोलूं?” त्यांनी हात उघडे करून दाखवले. “आज बोलूं तो आज तक का क्या? मेरे सामने फिर मूं नै खोलेगी वो. गाती सो छोड देगी, बेटा.”

मी ताईंकडं गेले. अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलायला जायचं म्हणजे मी वाक्य आधी मनात तीनदा म्हणून घेते. लॅपटॉपमधलं संगीत खालच्या पट्टीत घेता येतं का, एवढंच विचारलं. “येतं की,” ताई म्हणाल्या, “एका मिनिटाचं काम. का?” मी म्हटलं, सहजच. मनात आलं की गुपचूप करून घ्यावं. बाईंना कळणार नाही. खाचा अब्बांनी सरकवल्या, आता मी लॅपटॉपवर सरकवेन, एवढाच फरक. ताईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “पण बाईंना विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही हं. त्यांनी पट्टी लेखी कळवलीय.”

ते लेखी माझंच होतं.

साडेतीनला मी रंगपटात गेले, बाईंना केसांत आकडे लावून द्यायला. त्यांनी रंग स्वतःच लावला होता. नऊवारी नेसलेली, कपाळावर आडवी चिरी, पाठ ताठ. आरशात जी बसली होती ती तिशीची वाटत होती. रंगामुळं नव्हे, रंग मी जवळून बघत होते, त्याखालच्या सुरकुत्या दिसत होत्या. ती बसली तशी होती. खांद्यांनी वय ठरवलं होतं. माझ्या हातातला आकडा तसाच राहिला.

“काय बघतीस?” बाई आरशातून म्हणाल्या. “भ्या वाटतंय का माझं?”

“नाही.”

“मला वाटतंय,” त्या म्हणाल्या. इतक्या साधेपणानं, की मला आधी ते नाटकातलं वाक्य वाटलं. “लोकं म्हणतील सासू आली. मला आज एक डाव तरी त्या सासूच्या वर जायचंय. बस. मग मेले तरी चालंल.”

तेवढ्यात दार उघडून ताई आत आल्या. त्यांच्यामागं दाराशी अब्बा येऊन थांबले. ताईंना माझ्या प्रश्नानं चैन पडली नसावी. “बाई, एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “ही मघाशी म्हणत होती, ट्रॅक खाली घेता येईल का. काळी चारच ठेवायची ना?”

मला जमिनीत जावंसं वाटलं. बाई आरशातून माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी नजर हलवून अब्बांकडं बघितलं. अब्बांनी माझ्याकडं बघून किंचित मान हलवली, नको म्हणून. बाईंना तेही दिसलं. इतकी वर्षं समोरच्याच्या भुवईवरून पुढचं वाक्य ओळखणाऱ्या बाईला ते न दिसतं तरच नवल.

त्या खुर्चीतच वळल्या. चेहऱ्यावरची ती तिशीची बाई अजून तशीच होती, पण डोळे आमच्या दुकानातले होते, सकाळी दहाचे.

“मास्तर, तुम्ही बोलू नका,” त्या म्हणाल्या. मग माझा आकडा धरलेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला. “तू सांग. आडून आडून न्हाय, तोंडानं सांग. मी कुठं गाते?”

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, लोक येऊ लागले होते. मी अब्बांकडं बघितलं नाही. आवाज फुटला तेव्हा तो माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा होता.

“पांढरी चार, बाई. तीन पट्ट्या खाली. दोन वर्षं झाली. पेटी अब्बांनी सरकवली आणि काळी चार मी लिहिलं, पण मी रोज जे ऐकत बसते ते पांढरी चारमधलं आहे, तेच गा.”